तोंड दाराकडे असलेला माणूस

जलालुद्दीनभाईंना इंग्रजी येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या कॉलनीतल्या शंभरेक माणसांना ते कळायला अठ्ठावीस वर्षं लागली, आणि त्या शहाण्यांत मीही होतो.

घुग्घुसच्या पुढे एक कोळशाची खाण होती आणि खाणीची कॉलनी होती. नाव सांगत नाही. खाणीत आता पाणी भरलंय, कॉलनीच्या जागी बाभळी माजल्यात, नाव सांगून उपयोगही नाही. त्या कॉलनीत एक क्लब होता. क्लब म्हणजे पत्र्याचा लांबट हॉल, दोन कॅरम बोर्ड आणि लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवलेले टीव्ही आणि व्हीसीआर. कपाटाची किल्ली जलालभाईंकडे असे. आठवडाभर ते खाणीच्या बत्तीघरात बसत. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला डोक्याला लावायची बत्ती द्यायची आणि पाळी संपली की परत घ्यायची, हे त्यांचं काम. रविवारी दुपारी चार वाजता मात्र ते क्लबात उभे राहत, आणि सगळी कॉलनी चटया घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसे.

झालं असं, की पंच्याण्णव साली एक इंग्रज इंजिनियर नवं मशीन बसवायला आला. आठ महिने राहिला, इथल्या उन्हाला आणि डासांना शिव्या घालत परत गेला, आणि जाताना कॅसेटचा एक खोका क्लबात विसरून म्हणा, देऊन म्हणा, गेला. अकरा कॅसेट होत्या आणि सगळ्यांत एकच जुनी विनोदी मालिका होती. समुद्रकाठी सुट्टी घालवायला आलेल्या लोकांचा कॅम्प. एकसारख्या खोल्यांच्या रांगा, सकाळी भोंगा वाजला की उठायचं, रांगेत उभं राहून जेवायचं, आणि दिवसभर मॅनेजर सांगेल तशी मजा करायची. आमच्या कॉलनीत मजा सोडून बाकी सगळं तसंच होतं, त्यामुळे तो कॅम्प आम्हाला पहिल्या दिवसापासून घरचा वाटला.

भाषा कोणालाच कळत नव्हती. जलालभाई म्हणाले, मला कळते, मी सांगतो. कॅसेट शनिवारी एकटे बसून बघायचे आणि रविवारी टीव्हीशेजारी उभे राहून आम्हाला सांगायचे. पडद्याकडे वळूनसुद्धा बघत नसत. पाठ टीव्हीकडे, तोंड आमच्याकडे, आणि आमच्या मागे हॉलचं दार. ते वाऱ्यासाठी उघडं असायचं. मागे आवाज आला की त्यांना समजे कुठला प्रसंग चालू आहे, आणि त्या गोऱ्या माणसांच्या तोंडी ते असं काही घालत की बायका पदर तोंडात कोंबून हसत. टोप घातलेला मॅनेजर, ढोल वाजवणारी जाडी बाई, एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन म्हाताऱ्या बहिणी, ही सगळी आमच्या ओळखीचीच माणसं होऊन गेली. एक गोष्ट तेवढी कोणाला उलगडत नसे. टीव्हीत जे लोक हसत, ते दिसत नसत. आम्ही पोरं कपाटाच्या मागे जाऊनही बघून आलो होतो.

हे सगळं वर्षभर चाललं आणि शहाण्णवच्या पावसाळ्यात एकाएकी बंद पडलं. व्हीसीआर बिघडला, असं जलालभाईंनी सांगितलं. तो कधीच दुरुस्त झाला नाही.

खाण बंद झाल्यावर जलालभाईंनी घुग्घुसला मिक्सर आणि पंखे दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकानात ते रस्त्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायचे. गिऱ्हाइकाने हाक मारली की मान वळवायची, काम घ्यायचं, पुन्हा भिंत. सुरय्याभाभी, त्यांची बायको, हसून सांगायच्या, "हा मानूस घरी जेवाले बसला तरी दाराले पाठ करून बसते. कोन आलं, कोन गेलं, काही पता नाई." आम्ही तो त्यांचा चक्रमपणा समजत होतो. माणूस एवढा गमत्या, की त्याचं काहीही खपून जायचं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या हजेरीबाबूंच्या मुलीने, दिव्याने, ‘कॅम्पवाले’ नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. कॉलनीतली विखुरलेली शंभरेक माणसं त्यात आली आणि पहिले सहा महिने निव्वळ भांडली. मॅनेजरचं लग्न ढोलवालीशी झालं की नाही? त्या दोघी बहिणी एकमेकींशी का बोलत नव्हत्या? मी छातीठोकपणे लिहिलं, धाकटीला मोठीच्या नावावरचं क्वार्टर हवं होतं. गुणवंतराव, आमचे जुने फिटर, वय सत्त्याहत्तर, यांनी लिहिलं, क्वार्टर नव्हे, नळाच्या पाळीवरून वाजलं होतं. यावर चार दिवस गेले. मग दिव्याला ती मालिका इंटरनेटवर सापडली, खाली संवाद लिहिलेले. तिने तुकडे टाकले. त्या बहिणी नव्हत्याच. एकमेकींना ओळखतसुद्धा नव्हत्या. क्वार्टर नाही, नळ नाही, लग्न नाही. जलालभाईंनी वर्षभर सांगितलेला एकूण एक शब्द त्यांच्या डोक्यातून आला होता.

ग्रुपवर दिवसभर शांतता होती. संध्याकाळी गुणवंतरावांनी लिहिलं, "इंग्रजांनी मागाहून बदललं असेल." आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. खऱ्या मालिकेचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही. जलालभाईंनी फक्त हात जोडल्याचं चित्र टाकलं.

गेल्या सप्टेंबरात ग्रुपवर एक नवा नंबर आला.

"नमस्कार. मी दीपिका. मुलचेऱ्याला शाळेत शिकवते. आमचं गाव हेमलकशाच्या पुढे. माझे वडील चैतू तुमच्या खाणीत ठेकेदाराकडे होते, छताला लाकडाचे टेकू लावायचे. घरी आले की आम्हाला कॅम्पची गोष्ट आमच्या माडिया भाषेत सांगायचे. मी पाच वर्षांची होते. शहाण्णवच्या पोळ्याला ते कामावरून नाहीसे झाले. पळून गेले, असं आईला सांगण्यात आलं. कोणाला ते आठवतात का?"

आठवतात का? सगळ्यांनाच आठवत होते. चैतू म्हणजे उशिरा हसणारा. हॉलच्या दारात, चपलांच्या ढिगाशेजारी उंबऱ्यावर बसायचा. जलालभाईंची मराठी-हिंदी खिचडी त्याला पटकन समजत नसे. सगळा हॉल हसून गप्प झाला, की तीन-चार श्वासांनी मागून एकट्याचं हसणं यायचं. खालच्या आवाजात, थांबत थांबत. मग त्या हसण्याला सगळे पुन्हा हसायचे. ग्रुपवर लोकांनी एकामागून एक लिहायला घेतलं. कोणाला त्याचा पिवळा रुमाल आठवला, कोणाला त्याने पोरांना करून दिलेल्या लाकडी भिंगऱ्या. खूप छान वाटत होतं वाचायला.

आणि मग मी लिहिलं. माझी आठवण फार पक्की आहे अशी मला घमेंड आहे. मी लिहिलं, की पोळ्यानंतरच्या रविवारी चैतू क्लबात होता, मी स्वतः त्याला हसताना ऐकलं. दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो, त्याला मला लाकडी बैल मिळाला होता, तो मी त्या रविवारी क्लबात नेला होता, चाकं करकरतात म्हणून आईचा मार खाल्ला होता, आणि तेवढ्यात मागून चैतू हसला होता. तारीख चुकणं शक्यच नाही. माझ्याखाली चौदा जणांनी लिहिलं, हो, बरोबर, आम्हीही ऐकलं.

दीपिकाचं उत्तर तासाभराने आलं. "म्हणजे पोळ्यानंतर तीन दिवस ते जिवंत होते आणि क्लबात बसून हसत होते. माझी आई सोनीबाई अठ्ठावीस वर्षं एकच विचारते आहे, मेला की सोडून गेला. मेला असेल तर आमच्यात त्याच्या नावाचा दगड उभा करतात. सोडून गेलेल्याचा करत नाहीत. तिची तब्येत आता बरी नसते. तिला उत्तर हवं होतं. आज फोन करून सांगते. तुमचे सर्वांचे आभार."

मी खाली अंगठ्याचं चित्र टाकलं. अंगठा. आजही ते आठवलं की स्वतःच्या कानशिलात मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जलालभाईंचा फोन आला. ते ग्रुप रोज बघत नसत.

"संघपाल, तू काय लिहून ठेवलं हे?"

"काऊन? खरं तेच लिहिलं."

"खरं नाई ते. गाडी काढ."

"कुठी जायचं?"

"हेमलकशाले. रस्त्यात सांगतो."

मी चंद्रपूरला तंत्रनिकेतनात लॅब असिस्टंट आहे. सकाळी साडेसातला रजा टाकणं म्हणजे साहेबांच्या चार गोष्टी ऐकून घेणं. पण जलालभाईंचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. घुग्घुसला पोचलो तेव्हा ते रस्त्यावरच उभे होते, हातात पिशवी, डोक्याला टोपी. पुढे न बसता मागे बसले.

आलापल्ली मागे पडली. पुढे सागवान दाट झालं, मोबाइलची रेंज गेली, भर अकरा वाजता रस्त्यावर सावली पडली, आणि मागून त्यांनी सुरुवात केली. मी आरशात बघत होतो. ते खिडकीबाहेर बघत होते.

"चैतू रोज बत्ती घ्याले यायचा ना, तवा मले विचारे, जलालभाऊ, तो कॅम्प कुठी आहे. मी म्हनलं, विशाखापट्टनमपाशी. बल्लारशाहून गाडी भेटते. गंमत केली गा मी. त्याले खरं वाटलं. म्हने, तिथी लाकडाचं काम भेटन का? मी म्हनलं, भेटन ना, खोल्या लाकडाच्याच आहेत."

"मग?"

"एक दिवस विचारलं, टीवीतले हासते ते कोन आहेत, दिसत काऊन नाई? मी म्हनलं, जे आपल्या आधी पाहून गेले, ते हासते. लय वेळ चूप राह्यला. मंग म्हने, बराबर आहे."

मी काच थोडी वर केली.

"पोळ्याच्या दिवशी दुसऱ्या पाळीले एकोनतीस बत्त्या गेल्या," जलालभाई म्हणाले. "अर्धी खान सुट्टीवर होती. वापस आल्या अठ्ठावीस. चैतूची नाई आली. मी मुकादमाले सांगतलं. मुकादम म्हने, जुन्या वाटेनं वर आला असंन, बत्ती घेऊन पळाला असंन. त्याच दिवशी खाली एका जागी छत बसलं होतं, हे मले मागून समजलं. शनवारी साहेबानं मले बलावलं. जलाल, तुह्यापाशी उभा राहे तो, कुठी गेला असंन? आता मी काय सांगाले पाह्यजे होतं? बत्ती नाई आली, म्हंजे मानूस खालीच आहे. हे सांगाले पाह्यजे होतं. पन सगळे बसले होते, साहेब, मुकादम, हजेरीबाबू. सगळे माह्याकडं पाहून राह्यले होते. मले सवय ना. मी म्हनलं, विशाखापट्टनमले गेला असंन साहेब, कॅम्पात. सगळे हासले. साहेबबी हासला. लिहून घेतलं, पळून गेला."

मी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. मला त्यांना तिथेच उतरवून परत जावंसं वाटलं. सत्तर वर्षांचा म्हातारा, माझ्या लहानपणीचा सगळ्यात आवडता माणूस, आणि मला त्याचा संताप संताप येत होता. त्यांनी तो ओळखला. पण उतरले नाहीत आणि सांगायचे थांबलेही नाहीत.

"रविवारी क्लब भरला. मी उभा राह्यलो. पह्यली गंमत सांगतली, सगळे हासले, चूप झाले. आन् मंग दारातून तो हासला."

"हो ना. तेच तर मी लिहिलं."

"तुमी सगळे टीवीकडं पाहून राह्यले होते, बावा. दाराकडं पाहनारा मी एकटा होतो. दारात कोनी नव्हतं."

पावसाचं साचलेलं पाणी झाडांवरून टपावर पडत होतं.

"टीव्हीतलं असेल," मी म्हणालो. "ते हसणारे लोक असायचे ना."

"टीवी माह्या पाठीमागं होता. हासनं समोरून आलं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "चपला होत्या. उंबरा होता. बाहेर ऊन पडलं होतं, दूरचा नळ दिसत होता. कोनी नव्हतं. मले वाटलं, भास झाला. दुसरी गंमत सांगतली. तुमी हासले. मी दाराकडं पाहतच होतो. पुन्हा आलं. आन् तो गुनवंत मागच्या रांगेत बसला होता, त्यानं मागं न पाहताच पाय आखडून घेतला. तो नेहमी आखडे ना, चैतूले बसाले जागा व्हावी म्हनून. तसाच आखडला."

मी सीटवर मागे वळून बसलो.

"तिसरी गंमत मी सांगतलीच नाई. मागं टीवी चालू होता, मी चूप उभा. तुमी म्हनले, सांगा ना जलालभाई. मी कसंबसं संपवलं, आन् सोमवारी व्हीसीआरचा पट्टा स्वतःच्या हातानं काढून फेकून दिला. त्याच सोमवारी खाली त्या जागेले विटांची भिंत घातली. मी बत्त्या देत होतो त्या गवंड्यांना. माह्या हातानं देल्या."

"आणि तरी बोलले नाही?"

"नाई बोललो." मांडीवरची टोपी पुन्हा डोक्याला लावत म्हणाले, "नोकरी होती. पोरं लहान होती. हे सगळं खरं आहे, पन त्यापायी नाई. मले वाटे, आता सांगतलं त लोक म्हनतीन, हाबी जोक आहे."

पुन्हा गाडी सुरू करायला मला बराच वेळ लागला. भिंतीकडे तोंड करून बसणारा दुकानदार मला आता समजत होता, आणि समजून काही बरं वाटत नव्हतं. त्यांच्यावरचा राग गेला नव्हता, पण त्यात स्वतःवरचा राग मिसळला होता. चैतू पळून गेला हे त्यांनी एकदा सांगितलं होतं. ते अठ्ठावीस वर्षांनी पक्कं करून मी त्याच्या घरी पोचवलं होतं.

दीपिकाचं गाव हेमलकशाच्या पुढे, नदीला लागून. ती आदल्या संध्याकाळीच मुलचेऱ्याहून निघून आईकडे आली होती. फोनवर सांगितल्यापासून आई जेवली नाही, म्हणून. आम्ही ग्रुपवाले आहोत असं सांगितल्यावर तिने बाज टाकली, पाणी दिलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. सोनीबाई पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. वाळकी बाई, डोळे मात्र तरुण. मराठी थोडी समजत असावी, पण बोलल्या नाहीत.

जलालभाई बाजेवर बसले नाहीत. सोनीबाईंसमोर जमिनीवर बसले. "बाई," म्हणाले, "मी बत्तीघरात होतो. तुमच्या मानसाची बत्ती वापस नाई आली. तो खालीच राह्यला. हे मले त्याच दिवशी माहीत होतं." मग साहेबांसमोर काय बोलले ते सांगितलं. मग विशाखापट्टणमची गंमत. मग रविवार. ज्या माणसाने वर्षभर कॉलनीला हसवलं, तो हे सगळं असं सपाट सांगत होता, की शब्दाला शब्द लागत नव्हता. दीपिका एकेक वाक्य माडियात सांगत होती. बत्तीच्या वाक्याला तिचा आवाज फाटला. तिने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

सोनीबाईंनी एकच प्रश्न विचारला. दीपिका म्हणाली, "आई विचारते, दारात कोणीच नव्हतं?"

"कोनी नव्हतं, बाई. चपला होत्या फक्त."

त्या बराच वेळ जलालभाईंकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील, थुंकतील, काहीतरी करतील. जलालभाईंनाही तेच हवं असावं, कारण ते मान खाली घालून तयार बसले होते. पण सोनीबाईंची नजर त्यांच्यावरून सरकून पडवीच्या आढ्याकडे गेली. तिथे एक रिकामी खुंटी होती. त्या दोन-तीन शब्द बोलल्या. दीपिकाने ते मराठीत सांगितलं नाही, एकदम रडायलाच लागली.

कुऱ्हाड. त्या खुंटीला चैतूची कुऱ्हाड होती. पोळ्याच्या आधी गावी आला तेव्हा ठेवून गेला होता. खाणीत ठेकेदाराची मिळते म्हणायचा. अठ्ठावीस वर्षं सोनीबाई तिला दर महिन्याला मोहाचं तेल लावत होत्या, दांडा किडला तर नवा घालत होत्या. तो आला तर त्याला तयार हवी म्हणून, आणि मेला हे समजलं तर दगडापाशी ठेवायला हवी म्हणून. आदल्या दिवशी दीपिकाचा फोन आला. पोळ्यानंतर तीन दिवस तुझा नवरा क्लबात बसून हसत होता, त्याला तिथल्या चौदा माणसांनी ऐकलंय. सोनीबाईंनी फोन शेजारणीच्या हातात दिला, खुंटीवरची कुऱ्हाड काढली, नदीवर गेल्या आणि डोहात फेकून आल्या. दीपिका म्हणाली, "आई चालत नाही हो आता. न्हाणीपर्यंत धरून न्यावं लागतं. नदीपर्यंत एकटी गेली."

पुढचे दोन दिवस गावातल्या पोरांनी डोहात बुड्या मारल्या. नदी अजून गढूळ होती आणि ओढ होती. जलालभाई काठावर पाण्याकडे तोंड करून बसून होते, जेवायला बोलावलं तरी उठले नाहीत. कुऱ्हाड मिळाली नाही. सुरय्याभाभींचा निरोप घेऊन एक जीपवाला आला, तेव्हा कुठे आम्ही परतलो.

ग्रुपवर मी सगळं लिहिलं. बत्ती, भिंत, दार, आणि आपण काय केलं ते. गुणवंतरावांनी एवढंच लिहिलं, की त्या दिवशी त्यांच्या पायाला गार लागलं होतं. त्यानंतर तिथे मालिकेबद्दल कोणी काही लिहिलेलं नाही. दिव्याने ग्रुप बंद केला नाही, पण तो तसाच पडून आहे.

दगड दिवाळीनंतर उभा केला. आम्ही दोघे गेलो. गावाबाहेर, साजाच्या झाडांखाली, जुन्या दगडांच्या रांगेत शेवटी खड्डा खणला होता. छातीएवढा उंच, निमुळता दगड माणसांनी वाशांवर उचलून आणला. खड्ड्यात उतरवताना जलालभाईंनीही हात लावला, कोणी अडवलं नाही. ढोल वाजले, मोहाची दारू शिंपली. गावच्या वडीलधाऱ्या माणसाने मग दगडाच्या पायथ्याशी बोट दाखवून काही विचारलं. तिथे गेलेल्याच्या हातची वस्तू ठेवायची होती. दीपिकाने मान हलवली. जागा रिकामी राहिली.

सोनीबाईंना खाटेवर घालून आणलं होतं. त्यांनी दीपिकाला जवळ बोलावलं आणि आमच्या दोघांकडे बघत काहीतरी विचारलं.

दीपिका माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई विचारते, तो रविवारी हसला असं लिहिणारा यातला कोण?"

"मी," मी म्हणालो.

सोनीबाईंनी मला खूण करून पुढे बोलावलं. माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती. मग जे बोलल्या ते मला डोळ्यांत बघून बोलल्या, दीपिकाने सांगेपर्यंत नजर काढली नाही.

"आई म्हणते, तो हसला तर तुला ऐकू येतं. मग तू बोललास तर त्यालाही ऐकू जात असेल. जा, त्याला सांग. मी अठ्ठावीस वर्षं त्याची कुऱ्हाड सांभाळली. शेवटी फेकली ती लोकांचं ऐकून फेकली. तो माझ्यावर रागावून तिथेच राहायला नको."

मी विज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करणारा माणूस आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, घरात कोणी त्या गोष्टी काढल्या तर मी उठून जातो. मी त्या दगडासमोर जाऊन उभा राहिलो. मागे ढोल थांबले होते, पन्नास-साठ माणसं उभी होती. मी मोठ्याने म्हणालो, चैतूभाऊ, मी संघपाल, कॉलनीतला. मग सोनीबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं, आणि शेवटी, त्यांनी सांगितलं नव्हतं ते, की चूक माझी आहे.

सांगून झाल्यावर दीपिका माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने तेच सगळं पुन्हा, पहिल्यापासून, त्यांच्या भाषेत सांगितलं. माझ्या एकट्याच्या सांगण्यावर तिने विसंबून राहण्याचं कारण नव्हतं.